चिकित्सक वाचन: शोधनिबंध वाचताना काय पाहावे, काय विचारावे

पदवीपर्यंतच्या अभ्यासात पुस्तकातले प्रतिपादन लक्षात ठेवणे आणि परीक्षेत ते शक्य तितक्या जवळच्या शब्दांत उतरवणे, एवढ्यावर आपल्याकडे बहुतेकांचे भागते. पदव्युत्तर वर्गात आल्यावर मात्र एकाच विषयावरचे तीन शोधनिबंध हाती पडतात, तिघांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही, आणि वर ‘चिकित्सक परीक्षण करा’ असा प्रश्न येतो. अशा वेळी विद्यार्थी तिघांचेही म्हणणे थोडेथोडे सांगून ‘अशा प्रकारे या विषयावर मतमतांतरे आढळतात’ असे लिहून मोकळा होतो, नाहीतर तिघांत जो लेखक अधिक नामवंत असेल त्याच्या बाजूने कौल देतो. दोन्ही प्रकारांत वाचन झालेले असते, तपासणी झालेली नसते. ही तपासणी कशी करावी हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखन आहे, आणि तिचा एक उत्तम नमुना सुदैवाने आपल्या हाताशी आहे. तो एका विद्यार्थ्यानेच घालून दिलेला आहे.

९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो अगदी सुरुवातीला आहे आणि वीस पानांच्या आत संपतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानेच नव्हे, तर कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याने तो एकदा केवळ वाचनाची पद्धत शिकण्यासाठी समोर ठेवावा, असे माझे मत आहे.

पहिले वाचन आणि लेखकाचे म्हणणे

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून सलग वाचायला घेऊ नये. प्रथम शीर्षक, गोषवारा, प्रस्तावनेचे शेवटचे दोन-तीन परिच्छेद आणि निष्कर्ष एवढेच वाचावे. प्रस्तावनेच्या अखेरीस लेखक बहुधा सांगतो की आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटले, त्यात कोणती उणीव राहिली आणि ती आपण कशी भरून काढणार आहोत. हे तीन मुद्दे सापडले की निबंध कोणाला उत्तर देतो आहे ते कळते. ते न कळता वाचले तर त्यातले निम्मे मुद्दे अकारण ताणल्यासारखे वाटतात. त्यानंतर उपशीर्षकांवरून आणि तक्त्यांच्या मथळ्यांवरून नजर फिरवावी. एवढे झाल्यावर निबंध आपल्या कामाचा नाही असे लक्षात आले तर तो बाजूला ठेवण्यात गैर काही नाही. न वाचलेल्या निबंधांनी संदर्भसूची फुगवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

दुसरे वाचन पेन्सिल हातात घेऊन, संथपणे करावे. पानभर पिवळा हायलायटर फिरवण्याची सवय आपल्याकडे फार रुजलेली आहे, पण त्यातून वाचकाला काय महत्त्वाचे वाटले एवढेच कळते, निबंध कसा रचला आहे ते कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक परिच्छेदाशेजारी, झेरॉक्सवर किंवा पीडीएफवर, तो परिच्छेद काय काम करतो हे एका-दोन शब्दांत लिहावे: व्याख्या, आधीच्या मताचा आढावा, आक्षेप, पुरावा, उदाहरण, माघार, दावा. ‘माघार’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. चांगला लेखक आपल्या म्हणण्याच्या मर्यादा कोठेतरी सांगून ठेवतो आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकी तीच ओळ सुटते. मग ज्या गोष्टीचा लेखकाने दावाच केलेला नाही, तिच्यावर दोन पाने टीका लिहिली जाते.

हे वाचन संपले की निबंध मिटून लेखकाचे मुख्य म्हणणे तीन-चार वाक्यांत लिहून काढावे. ते लेखकाला वाचून दाखवले असते तर ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे तो म्हणाला असता का, हा त्याचा निकष. जोवर हे जमत नाही तोवर आक्षेप घेण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही असे समजावे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी निबंध वाचताना ही पायरी विशेष उपयोगी पडते. प्रत्येक अडलेल्या शब्दासाठी शब्दकोश उघडत बसण्याऐवजी संपूर्ण परिच्छेद वाचून त्याचा आशय एका मराठी वाक्यात मांडावा. वाक्य जमले नाही तर मगच मागे जावे आणि नेमके कोठे अडले ते शोधावे. पारिभाषिक संज्ञा मात्र लेखक तिची व्याख्या देईपर्यंत आहे तशीच देवनागरीत लिहून ठेवावी, कारण रोजच्या वापरातला जवळचा शब्द घातला की त्याचा रोजचा अर्थही नकळत सोबत येतो. गाईडमधला किंवा संगणकाकडून काढून घेतलेला सारांश या पायरीची जागा घेऊ शकत नाही. सारांश दावा सांगतो. दाव्यापर्यंत लेखक कोणत्या वाटेने पोचला ते गाळतो, आणि आपल्याला तपासायची असते ती वाटच.

व्याख्येपाशी थांबावे

आंबेडकरांनी निबंधाच्या सुरुवातीच्या भागात जातीच्या चार व्याख्या त्या त्या लेखकाच्याच शब्दांत दिल्या आहेत: फ्रेंच प्राच्यविद्यापंडित एमिल सेनार, वायव्य प्रांत आणि अवध येथील जातींवर लिहिणारे जॉन नेसफिल्ड, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त राहिलेले हर्बर्ट रिस्ले, आणि श्रीधर व्यंकटेश केतकर. हे केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले केतकरच. जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. चौघेही त्या काळी या विषयातले अधिकारी मानले जात. त्यांच्या व्याख्या एकापुढे एक मांडून ‘अशा विविध व्याख्या आहेत’ असे म्हणणे विद्यार्थ्याला अगदी सोपे होते.

त्याऐवजी आंबेडकर प्रत्येक व्याख्येतले एक लक्षण उचलतात आणि त्याला प्रश्न विचारतात. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेकडे लक्ष वेधले होते. आंबेडकर म्हणतात की विटाळाची कल्पना हे जातीचे खास लक्षण नव्हे. ती पुरोहिती कर्मकांडातून येते, पावित्र्याविषयीच्या सर्वसाधारण समजुतीचा तो एक प्रकार आहे, आणि जातीशी असलेला तिचा अनिवार्य संबंध नाकारला तरी जातीच्या कार्याला बाध येत नाही. मग ती जातीला चिकटली का? तर सर्वोच्च स्थानी असलेली जात पुरोहितांची आहे म्हणून. येथे आपल्याला पहिला प्रश्न मिळतो: व्याख्येतले हे लक्षण काढून टाकले तर ती गोष्ट उरते की कोसळते? उरत असेल तर ते लक्षण सोबत आलेले आहे, मुळातले नाही.

नेसफिल्ड यांनी जातीबाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणे हे लक्षण सांगितले होते. यावर आंबेडकरांचा आक्षेप असा की येथे परिणामालाच कारण समजले गेले आहे. जात हा स्वतःला बंदिस्त केलेला गट असल्यामुळे त्याचे सगळेच व्यवहार, जेवणखाणसुद्धा, गटापुरते मर्यादित होतात. त्याला धार्मिक निषेधाचे रूप नंतर आले. दुसरा प्रश्न हा: लेखक ज्याला कारण म्हणतो ते कारण आहे, की ज्याचे स्पष्टीकरण द्यायचे त्याच गोष्टीचा तो परिणाम आहे?

रिस्ले यांना आंबेडकर एका वाक्यात बाजूला करतात, कारण त्यांनी नवा मुद्दा मांडलेला नाही. हेही शिकण्यासारखे आहे. चार लेखकांना प्रत्येकी एक पान अशी वाटणी करण्याचे बंधन परीक्षणावर नसते. ज्याच्या म्हणण्यात तपासण्यासारखे अधिक आहे त्याला अधिक जागा द्यावी.

सर्वांत जास्त विचार केतकरांच्या व्याख्येचा होतो, आणि तो आधी त्यांचे श्रेय मान्य करून होतो. बाकीच्यांनी जात हा सुटा घटक मानून त्याची व्याख्या केली, केतकरांनी मात्र जातिव्यवस्थेच्या संदर्भात जातीकडे पाहिले, असे आंबेडकर नमूद करतात. केतकरांच्या मते जातीची लक्षणे दोन: जातीतल्यांच्या पोटी जन्मलेल्यांनाच सदस्यत्व, आणि जातीबाहेर विवाहाला बंदी. आंबेडकरांचे म्हणणे असे की ही दोन लक्षणे नव्हेतच. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायला बंदी घातली की सदस्यत्व आपोआप आत जन्मलेल्यांपुरते मर्यादित होते. तिसरा प्रश्न: लेखकाने वेगळ्या म्हणून मोजलेल्या गोष्टी खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, की एकीतून दुसरी निघते? सर्वेक्षणावर आधारलेल्या आजच्या निबंधांत हा प्रश्न फार कामाला येतो. ‘आर्थिक स्थिती’ आणि ‘राहणीमान’ असे दोन वेगळे घटक मोजल्याचे सांगितलेले असते आणि प्रश्नावली उघडून पाहावी तर दोन्हींखाली घर, वाहन आणि फ्रिज यांचीच विचारणा असते.

या तीन प्रश्नांच्या चाळणीतून केवळ जातीअंतर्गत विवाह हे एकच लक्षण उरते आणि तेथून आंबेडकरांचे स्वतःचे प्रतिपादन सुरू होते. म्हणजे दुसऱ्यांच्या व्याख्यांचे परीक्षण त्यांनी उणिवा दाखवून गुण मिळवण्यासाठी केलेले नाही. त्या परीक्षणातूनच त्यांना आपले पाऊल ठेवायला जागा मिळाली आहे.

व्याख्येवर किती गोष्टी अवलंबून असतात याचे अर्थशास्त्रातले उदाहरण पुण्यातच घडले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अंदाज मांडताना दरडोई दररोज २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ही रेषा धरली. सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा रेषेलाच आक्षेप घेतला: माणसाची उष्मांकांची गरज व्यक्तीव्यक्तीत आणि एकाच व्यक्तीत दिवसागणिक कमीजास्त होते, तेव्हा सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येकजण उपाशीच आहे असे धरले तर संख्या फुगते. आकडेवारी तीच राहूनही रेषा कोठे ओढली यावर दरिद्री किती हे ठरत होते. दारिद्र्य, बेरोजगारी, साक्षरता, नागरीकरण यांपैकी कशावरचाही निबंध वाचताना आकड्याआधी व्याख्या वाचावी, हे त्यावरून कळावे.

पुरावा आणि निष्कर्ष यांमधले अंतर

आता ज्याच्याकडून प्रश्न विचारायला शिकलो त्याच निबंधाला ते प्रश्न विचारून पाहू. नमुना म्हणून पुढे केलेल्या लेखकाला तपासणीतून सूट द्यायची नसते. आंबेडकरांनीही निबंधाच्या अखेरीस, आपले म्हणणे टिकणारे नाही असे दाखवून दिल्यास ते सोडून देण्याची तयारी स्पष्टपणे नोंदवली आहे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. गटाबाहेर विवाह करायचा नाही असे ठरले की गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहणे आवश्यक होते. पती आधी वारला तर एक स्त्री अतिरिक्त उरते, पत्नी आधी वारली तर एक पुरुष. अतिरिक्त स्त्रीने बाहेर विवाह केला तर गटाची बंदी मोडते आणि गटातच पुन्हा विवाह केला तर कोणा अविवाहित मुलीच्या वाट्याचा वर जातो. म्हणून तिच्यासाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य. पुरुषाला जाळणे किंवा ब्रह्मचर्यात ठेवणे गटाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अद्याप विवाहयोग्य न झालेल्या वयोगटातली मुलगी. सती, वैधव्य आणि मुलींचे बालपणीचे विवाह या तीन प्रथांचे स्पष्टीकरण अशा रीतीने एकाच आरंभबिंदूतून मिळते.

या प्रतिपादनाचे बळ आधी लिहून ठेवावे: गृहीतके थोडी आहेत आणि त्यांनी पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मग पुरावा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. येथे तो ऐतिहासिक कागदपत्रांचा नाही, तर्काचा आहे. लेखकाने ते लपवलेले नाही. या प्रथांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान आपल्याकडे मुबलक आहे, पण त्या का उद्भवल्या हे सांगणारे काही नाही, असे तो स्वतःच म्हणतो. तर्काचा पुरावा कमी प्रतीचा असतो असे नाही, मात्र त्याची तपासणी वेगळ्या प्रकारे करावी लागते. आरंभी स्त्री-पुरुषांची संख्या समतोल होती हे येथे गृहीत आहे. त्याहून महत्त्वाचे असे की एखादी प्रथा अमुक गोष्टीला उपयोगी पडते हे दाखवले म्हणजे ती त्याच हेतूने निर्माण झाली असे सिद्ध होत नाही. नेसफिल्ड यांना विचारलेला कारण-परिणामाचा प्रश्न येथे थोड्या वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर निबंधात कितपत मिळते यावर वर्गात उत्तम चर्चा होऊ शकते.

उलट, प्रसाराविषयीचे त्यांचे म्हणणे पडताळून पाहता येण्याजोगे आहे. ब्राह्मणांना सामाजिकदृष्ट्या जवळच्या जातींनी तिन्ही प्रथांचे अनुकरण केले, त्यांहून दूरच्यांनी वैधव्य आणि मुलींचे बालपणीचे विवाह उचलले, आणखी दूरच्यांनी केवळ मुलींचे विवाह, असे ते मांडतात. हे खरे असेल तर जुन्या जनगणनांत आणि गॅझेटियरांत त्याच्या खुणा दिसायला हव्यात आणि खोटे असेल तर विरुद्ध उदाहरणेही तेथेच सापडायला हवीत. कोणता पुरावा समोर आला तर लेखकाला आपले म्हणणे बदलावे लागेल, हा प्रश्न प्रत्येक निबंधाला विचारावा. कशानेच बदलावे लागणार नाही असे उत्तर आले, तर लेखक शास्त्र सांगत नसून श्रद्धा सांगतो आहे.

निबंधात काय नाही तेही पाहावे. जमीन, श्रम आणि सत्ता यांच्याशी असलेला जातीचा संबंध या निबंधात फारसा येत नाही. १९३६ साली मात्र, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणीही आहे, असे आंबेडकरांनीच ठामपणे मांडले. दुसऱ्या बाजूने, या निबंधातला स्त्रियांविषयीचा मुद्दा दीर्घ काळ पुरेसा वाचला गेला नव्हता. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २०१३ साली आंबेडकरांच्या निवडक लेखनाचे संपादन करताना त्यालाच मध्यवर्ती स्थान दिले. मजकूर तोच राहतो आणि त्याला विचारलेला प्रश्न बदलला की त्यातले दुसरे काही पुढे येते. मात्र ‘लेखकाने अमुक विषय घेतलेला नाही’ हा आक्षेप जपून वापरावा. वीस पानांत सगळे येत नाही. जे वगळले त्यामुळे निष्कर्ष बदलतो, असे दाखवता आले तरच तो आक्षेप.

आकडे आले की

तक्ते आणि आलेख आले की मानव्यविद्येचा विद्यार्थी ती पाने उलटून पुढे जातो. तसे करू नये. सांख्यिकी न येणाऱ्यालाही विचारता येण्यासारखे बरेच असते: किती जणांची माहिती घेतली, ते कसे निवडले, कोण सुटले, प्रश्न कोणत्या भाषेत आणि कोणी विचारला, टक्केवारी कशाची आहे. एका तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या ऐंशी विद्यार्थ्यांवरून ‘ग्रामीण महाराष्ट्रातील युवक’ असा निष्कर्ष निघाला असेल तर त्यातली झेप ओळखायला गणित लागत नाही.

यासंबंधीची एक हकिगत प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी. हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा एक निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी कर्ज देशाच्या सकल उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ लक्षणीय घटते, असे त्यात मांडले होते. अशा कर्जबाजारी देशांच्या वाढीची सरासरी उणे ०.१ टक्के दाखवली होती. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कमी करावा असे म्हणणाऱ्यांनी हा निबंध भरपूर वापरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातला स्वाध्याय म्हणून हेच आकडे पुन्हा काढायला घेतले आणि ते काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली, त्यांनी ती दिली, आणि सरासरीच्या सूत्रातून ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटल्याचे त्याला आढळले. त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह २०१३ साली जे लिहिले त्यानुसार ही सरासरी उणे ०.१ नव्हे, तर २.२ टक्के येत होती.

बातम्यांत एक्सेलमधल्या चुकीचीच चर्चा झाली, पण वाचकाच्या दृष्टीने दुसरा दोष अधिक बोलका आहे. मूळ निबंधाच्या गणनेत जास्त कर्जाच्या काळातली ब्रिटनची १९ वर्षे धरली होती, न्यूझीलंडचे केवळ एक, १९५१ हे. सरासरी काढताना आधी देशवार सरासरी आणि मग देशांची सरासरी अशी रीत वापरल्यामुळे न्यूझीलंडच्या त्या एका वाईट वर्षाला, उणे ७.६ टक्क्यांना, ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन मिळाले. ही चूक नव्हे, निवड आहे. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, पण वजनाच्या पद्धतीचे त्यांनी समर्थनच केले आणि जास्त कर्जासोबत वाढ कमी असते या मतावर ते ठाम राहिले. अशा निवडी प्रत्येक आकड्यामागे असतात, त्या बहुधा तक्त्याखालच्या टिपेत बारीक अक्षरांत दिलेल्या असतात, म्हणून टीप आधी वाचावी आणि तक्ता नंतर. शिवाय कर्ज वाढल्यामुळे वाढ मंदावली की वाढ मंदावल्यामुळे कर्ज वाढले, हा प्रश्न फाइल न उघडताही कोणाला विचारता आला असता.

लेखक कोठून बोलतो

लेखकाची पार्श्वभूमी पाहावी, पण ती शेवटी पाहावी. आधीच पाहिली तर निबंध वाचण्यापूर्वीच निकाल लागतो. आंबेडकरांनी आपल्या निबंधात युरोपीय अभ्यासकांविषयी असे म्हटले की ते स्वतः कातडीच्या रंगाविषयीच्या पूर्वग्रहांनी भारलेले असल्यामुळे जातीच्या प्रश्नातही रंग हाच मुख्य घटक असल्याची कल्पना त्यांनी सहज करून घेतली. पण व्याख्यांचे खंडन त्यांनी या मुद्द्यावर उभे केलेले नाही, युक्तिवादावर केले आहे. लेखकाचा पूर्वग्रह दाखवल्याने तो का चुकला असावा हे कळते. तो चुकला आहे हे स्वतंत्रपणे दाखवावेच लागते.

निबंध कोठे छापला आहे याला महत्त्व आहे, पण मर्यादित. पैसे घेऊन आठवडाभरात काहीही छापणाऱ्या पत्रिका आपल्याकडे उदंड झाल्या, त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ साली ती यादीही बंद केली. त्यामुळे पत्रिकेची पारख आता विद्यार्थ्याला आणि मार्गदर्शकालाच करायची आहे: संपादक मंडळावरची माणसे त्या विषयात काम करणारी आहेत का, परीक्षणाची रीत सांगितली आहे का, जुने अंक पाहायला मिळतात का. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे प्रबंध जरूर वाचावेत, मात्र पदवी मिळाली म्हणजे प्रत्येक निष्कर्ष सिद्ध झाला असे धरू नये.

भाषेतल्या काही खुणा ओळखून ठेवाव्यात. ‘सूचित होते’, ‘आढळते’ आणि ‘सिद्ध होते’ यांत मोठे अंतर आहे. गोषवाऱ्यात ‘सिद्ध झाले’ आणि आत ‘सूचित होते’ असेल तर आतले खरे मानावे. ‘मानले जाते’ दिसले की कोण मानते ते विचारावे. ‘निर्विवाद’, ‘सर्वश्रुत’ हे शब्द जेथे येतात तेथे बहुधा तळटीप नसते, आणि जेथे तळटीप नसते तेथेच ती हवी असते. मुख्य दावा ज्या एका संदर्भावर उभा आहे तो संदर्भ शोधून मूळ पान उघडावे. मूळ लेखकाने पाच अटी घालून म्हटलेले वाक्य दोन-तीन निबंधांतून फिरत येईपर्यंत बिनशर्त झालेले असते, हा अनुभव वारंवार येतो.

नोंद आणि लेखन

प्रत्येक निबंधासाठी एकच पान ठेवावे. वरच्या भागात लेखकाचे म्हणणे त्याच्या न्यायाने, मधल्या भागात पुरावा कोणता आणि त्याच्यापासून निष्कर्षापर्यंत कोणते गृहीतक धरले आहे ते, खाली आपले प्रश्न. लेखकाचे शब्द उतरवले असतील तर अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक तेव्हाच घालावेत. सहा महिन्यांनी वहीतले वाक्य आपले की लेखकाचे हे आठवत नाही, आणि वाङ्मयचौर्याचा आरोप पुष्कळदा अशाच ढिलाईतून ओढवतो. एकाच विषयावरचे तीन निबंध असतील तर तिन्ही पाने शेजारी ठेवून ते नेमके कशावर असहमत आहेत ते ठरवावे. मतभेद वस्तुस्थितीबद्दल असू शकतो, व्याख्येबद्दल असू शकतो किंवा काय महत्त्वाचे मानावे याबद्दल असू शकतो. व्याख्येवरचा मतभेद आणखी आकडेवारी गोळा करून मिटत नाही. ही एक गोष्ट ओळखता आली तरी उत्तरपत्रिकेतले ‘मतमतांतरे आढळतात’ हे वाक्य गळून पडते.

प्रत्यक्ष लिहिताना आधी लेखकाचे म्हणणे, मग त्यातले मान्य होण्याजोगे, मग आक्षेप, आणि त्या आक्षेपाला लेखकाने काय उत्तर दिले असते तेही लिहावे. या चौथ्या भागासाठी सर्वांत जास्त वेळ राखावा, कारण बहुतेक कच्चे आक्षेप तेथेच गळतात. सरावासाठी केतकरांची व्याख्या आणि तिच्यावरचा आंबेडकरांचा आक्षेप घ्यावा, आणि केतकरांच्या बाजूने उत्तर लिहून पाहावे: बाहेर विवाहबंदी असूनही दत्तकाच्या किंवा प्रवेशाच्या मार्गाने नवा सदस्य घेणारा गट कल्पनेत तरी शक्य आहे का? असेल तर केतकरांची दोन लक्षणे एकच ठरत नाहीत, आणि मग त्या आक्षेपाचे किती शिल्लक राहते, हे एका पानात मांडावे.